सिस्टरच्या गाडीतला हीटर

"आधी पेशंट पाहू द्या, मंग बोला."

हे म्हणताना सिस्टर उजव्या हाताचा तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरायच्या, चौकातला पोलीस गाड्या अडवतो तसा. आणि डावा हात, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्यावर ठेवायच्या. पेशंट म्हणजे आजारी माणूसच असायला हवा असं काही नव्हतं. गळणारा नळ पेशंट, फसलेलं विरजण पेशंट, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं न पटणारं लग्नसुद्धा पेशंट. "तिची बाजू काय न् त्याची बाजू काय, ते सोड वं. दोघं जेवतात का सोबत, ते पाहून ये आधी," असं त्या मला सांगायच्या, आणि मीही मेली जाऊन बघून यायची.

कार्डिफच्या सरकारी हॉस्पिटलात त्या वॉर्ड सिस्टर होत्या आणि मी त्याच वॉर्डच्या किचनमध्ये चहाची ट्रॉली ढकलायची. त्या नागपूरच्या, मी साताऱ्याकडची. एकदा मोठे डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून, हातातल्या कागदाकडे बघत विद्यार्थ्यांना काहीतरी समजावत होते, तेव्हा यांनी तोच तळवा त्यांच्यापुढे धरला. वरपर्यंत तक्रार गेली. सिस्टरना बोलावून समज दिली. त्या "यस मॅडम" म्हणून आल्या आणि पुढच्या राउंडला पुन्हा तळवा. अशी बाई. रिटायर झाल्यावरही आमच्या सगळ्या मराठी मंडळींत त्या सिस्टरच राहिल्या. नाव घेऊन हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

सिस्टर गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. शोकसभा कम्युनिटी हॉलमध्ये झाली. बुद्धवंदना झाली, मग आठवणी. एकामागून एक माणसं उठली आणि काय सांगितलं असेल? हीटरचा किस्सा! पहिल्यानं सांगितला, लोक हसले. दुसरा म्हणाला, "मी तर तिथं होतो," आणि पुन्हा तोच. तिसऱ्यानं वर मीठमसाला लावला. इतकी वर्षं ज्या बाईनं माणसं मरणाच्या दारातून ओढून आणली, तिच्याबद्दल यांना एवढंच आठवावं? मी खुर्चीत बसून नुसती धुमसत होते. आणि तिथं का नाही बोललात, असं तुम्ही विचाराल. अहो, तिचा मुलगा पुढच्या रांगेत रडत बसला होता. त्याच्यासमोर कसं बोलणार?

म्हणून आता सांगते. किस्सा हसण्यासारखाच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुरता ऐका, मग हसा.

सिस्टरना कव्हरं शिवायचं वेड होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात धुरळा इतका, की झाकलं नाही ती वस्तू गेलीच, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कार्डिफला धूळ कुठली यायला? इथं नुसता पाऊस. पण शिलाई मशीन होतं आणि सवय होती. टीव्हीच्या रिमोटला कव्हर, मिक्सरला झालरीचा फ्रॉक, शिलाई मशीनला कव्हर आणि त्या कव्हरावर प्लास्टिक. वॉर्डातल्या ब्लडप्रेशरच्या मशीनलाही त्यांनी फुलाफुलांचं कव्हर शिवून घातलं होतं. इन्फेक्शन होऊ नये म्हणून तपासणी करणाऱ्या मॅडमनी ते दोन बोटांत धरून काढून नेलं. त्यावर सिस्टरचं म्हणणं, "बाईला कापड समजत नाही."

आता गाडीबद्दल. साहेब, म्हणजे सिस्टरचे मिस्टर, वारले. मुलगा मँचेस्टरला सॉफ्टवेअरमध्ये, सून फायनान्समध्ये, घरात दोन नातवंडं. मुलाचं म्हणणं, आईनं कार्डिफचं घर विकून टाकावं आणि आमच्याकडे यावं. खोली तयार होती. मी पाहिलीय ती खोली. पलंग घातला की दार पूर्ण उघडत नाही. आणि मुलांना शाळेतून आणायला कुणीतरी हवंच होतं. तो वाईट मुलगा नाही हो. पण आई म्हणजे एक मोकळी जागा आहे, आपल्याला हवं ते तिथं ठेवावं, असं त्याला मनापासून वाटायचं. आपल्यातल्या किती मुलांना तसं वाटतं, तुम्हीच आठवून बघा.

सिस्टरनी काय केलं? एक जुनं मोटरहोम घेतलं. मोटरहोम म्हणजे चालवता येईल असं घर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, गॅसवर चालणारा हीटर. आणून घरापुढच्या जागेत उभं केलं, एका बाजूला शेजाऱ्याची झाडांची कुंपणभिंत आणि दुसऱ्या बाजूला यांचं दार, अगदी खेटून.

आमच्या इथल्या मराठी मंडळात तर करमणूकच झाली. "सिस्टर, दौऱ्यावर निघणार का?" "सिस्टर, आम्हाला भजी मिळतील ना तुमच्या टपरीवर?" सगळे शिकलेले लोक, बरं का. मीही आधी म्हटलं, "ताई, हे काय नवीन?" मी त्यांना एरवी सिस्टर म्हणायची, पण काही आतलं बोलायचं असलं की ताई.

त्या गाडीच्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "हे पाह्य. लहानपणी बापाच्या घरी होती. मंग नर्सिंगच्या होस्टेलात. मंग सासरी. मंग साहेबांच्या घरात. आता पोरगा म्हणतो, माझ्या घरी ये. सांग बरं, मधात माझं कोणतं?"

"हे घर तुमचंच की."

"याचे पडदेसुद्धा नणंदेनं निवडले, बाई."

त्यांना स्कॉटलंडला जायचं होतं, अगदी वर, जिथं रस्ता संपतो आणि समुद्र लागतो तिथं. एकटीनं. तरुणपणी वॉर्डातल्या कुठल्यातरी म्हाताऱ्या पेशंटनं त्यांना तिकडचं वर्णन सांगितलं होतं, ते डोक्यात बसलेलं. ईस्टरच्या सुमारास निघायचं ठरवलं.

ख्रिसमसला मुलगा आला आणि जेवताना वाद पेटला. मी तिथंच होते, बटाटे वाढत. शेवटी तो म्हणाला, "ओके आई, डील करू. निघायच्या आधी मी येऊन गाडी चेक करणार. सगळं चालू असलं तर जा. एक जरी गोष्ट बंद दिसली, तर चावी माझ्याकडे. इल्फर्डचा माझा मित्र गाडी विकत घ्यायला तयार आहे."

"मंजूर," सिस्टर म्हणाल्या. मला इतका राग आला! बाईची गाडी, बाईचं लायसन्स, आणि परीक्षा घेणार कोण, तर जो स्वतःच्या घरातला बल्ब बदलायला माणूस बोलावतो तो. पण सिस्टरना परीक्षेची भीती कधी नव्हती. गाडीतलं सगळं त्यांनी घासूनपुसून, कव्हरं घालून टकाटक ठेवलं होतं. गॅसच्या लाल सिलिंडरलासुद्धा गोधडीचा कोट शिवला होता. मी विचारलं, "याला काय थंडी वाजते?" तर म्हणाल्या, "वाजते ना. बाहेरच्या कपाटात राहते बिचारं."

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली आणि त्यांनी हीटर लावून बघितला. पंखा घुर्रकन फिरला. मग टिक टिक टिक ठिणगीचा आवाज. मग पुप्प! पेटला. आणि लगेच विझला. लाल दिवा. पुन्हा लावला. टिक टिक, पुप्प, लाल दिवा.

मला फोन आला. "ये वं, पेशंट अत्यवस्थ आहे."

मी स्वेटर चढवून गेले. सिस्टर हीटरच्या जाळीला कान लावून गुडघ्यांवर बसल्या होत्या. आधी दार-खिडकी उघडून वास घेतला, गॅसचा वास नाही. वास आला असता तर बटणाला हात लावायचा नाही, सरळ सिलिंडर बंद करून बाहेर, हा त्यांचा नियम. मग हिस्टरी. शेवटचा कधी चालला? थंडी सुरू होताना, व्यवस्थित. नंतर पडझड? नाही. सिलिंडर? भरलेला. शेगडी पेटवून बघितली, निळी छान ज्योत. म्हणजे गॅस येत होता. बॅटरी? दिवे लख्ख. आतली भट्टी बंद पेटीत असते, ती मात्र त्या उघडणार नव्हत्या. "ते सर्जनचं काम," म्हणाल्या, "आपण पोट फाडायचं नाही."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. आणि मग त्यांनी मुलाला फोन केला. म्हणजे बघा, लपवायचं असतं तर आठवडाभर लपवता आलं असतं. पण बाई सरळ. "हीटर पेटत नाही, मी पाहून राहिली," एवढंच सांगितलं. त्यानं काय करावं? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "आईच्या मोटरहोमचा हीटर बंद आहे, कुणी जवळ असेल तर प्लीज बघा." जसं काही आईला दिसतच नव्हतं.

दुपारी तिघं हजर. एक फायनान्सवाला, एक सॉफ्टवेअरवाला आणि एक ज्याला सगळंच येतं तो. माणसं चांगली, वेळ काढून आली, हे मी मान्य करते. पण आल्या आल्या सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "सिस्टर, थंडी आहे, तुम्ही आत बसा."

"आत म्हणजे कुठं?" सिस्टरनी विचारलं. "हेच आत आहे."

त्याला ते ऐकूच आलं नाही. तिघं दारात उभे राहिले आणि सुरू झाले.

"सिलिंडर संपला असणार."

"शेगडी पेटून राहिली," सिस्टर म्हणाल्या.

"मग गॅस चुकीचा आणलात. ब्यूटेन थंडीत चालत नाही."

"प्रोपेन आहे. इथं लाल सिलिंडर प्रोपेनचाच राहते. पाहून घे."

"बायकांचा घोळ होतो हो त्यात," फायनान्सवाला हसत म्हणाला. बघायला कुणी गेलं नाही.

सगळं येणाऱ्यानं फोनवर व्हिडिओ लावला. एक इंग्रज माणूस कुठल्यातरी भलत्याच हीटरचं पोट उघडून दाखवत होता. "सिस्टर, स्क्रूड्रायव्हर आहे का?"

तळवा वर झाला. "आधी पेशंट पाहू द्या, मंग..."

"अहो, बघतोच आहे ना!" आणि बघत होता फोनमध्ये.

मी कधी नव्हे इतकं सिस्टरना चिडलेलं बघितलं त्या दिवशी. त्यांचा आवाज चढला, नागपुरी आणखी घट्ट झाली. स्क्रूड्रायव्हर त्यांनी दिला नाही. तिघांनी चहा घेतला, आणि जाताना सगळं येणारा मला, मला म्हणतो, "मावशी, समजवा ना त्यांना. या वयात हे झेपणारं नाही." हीटर पेटत नव्हता, आणि वय बघितलं जात होतं. त्याच माणसानं मंडळाच्या दिवाळीला तेलाच्या कढईत पाणी सांडून हॉलचा फायर अलार्म वाजवला होता, आम्ही सगळ्या नेसत्या साड्यांनिशी पावसात उभ्या होतो. त्याचं वय कुणी काढलं नाही. तो पुढच्या दिवाळीला पुन्हा कढईपाशीच होता.

दुसऱ्या दिवशी रीतसर गॅसवाला बोलावला. लायसन्सवाला, तरुण पोरगा, गोड बोलणारा. दारात विचारतो, "हॅलो लव्ह, मिस्टर आहेत का घरात?"

"आहेत," सिस्टर म्हणाल्या. "फोटोत."

त्याला कळलं नाही. पाऊस लागला होता. त्यानं आतून तपासलं. गॅस येतोय, ठिणगी पडतेय, पेटून विझतोय, म्हणजे आतला कंट्रोलचा बोर्ड गेला असणार, तो मागवावा लागेल, वेळ लागेल. आणि हे सगळं त्यानं कुणाला सांगितलं? फोन स्पीकरवर लावून मुलाला! सिस्टर हातभर अंतरावर उभ्या. दोघं मिळून इंग्रजीत "शी" काय करते, "शी" कशी वापरते, "शी"ला काय समजत नाही. ही "शी" वॉर्ड चालवत होती तेव्हा तो गॅसवाला पाळण्यात होता.

मुलगा म्हणाला, "आई, मी शनिवारी येतो. मित्राला घेऊन. डील इज डील."

गॅसवाला गेला. सिस्टर पायरीवर बसल्या. पाऊस थांबला होता, झाडांवरून थेंब पडत होते. मला वाटलं रडतील. मी म्हटलं, "ताई, जाऊ द्या. आपण ट्रेननं जाऊ स्कॉटलंडला. मी येते."

त्यांच्या हाताच्या मुठी गुडघ्यांवर. मग हळूच म्हणाल्या, "काल ते तिघं आले तेव्हापासून मी भांडूनच राहिली ना?"

"मग भांडायचं नाही तर काय?"

"भांडायचं. पण भांडणात मीच पेशंट पूर्ण पाहिला नाही. समोरून पाहिला फक्त." त्या उठल्या. "बेडसोर कुठं होतो, सांग."

इतकी वर्षं वॉर्डात काढली होती मी, पडून राहिलेल्या पेशंटला जखमा कुठं होतात एवढं मला ठाऊक होतं. "पाठीला."

"आणि पेशंटला वळवल्याशिवाय पाठ दिसते का? चल, याला कुशीवर घेऊ."

आणि त्यांनी गाडी सुरू केली. एवढं मोठं धूड रस्त्यावर काढलं, मागं-पुढं करत उलटं फिरवलं. मी मध्ये उभी राहून दोन्ही हात हलवतेय, "या, या, या, थांबा!" समोरची बाई खिडकीतून बघतेय. गाडी पुन्हा जागेवर आली तेव्हा कुंपणाकडची बाजू आमच्याकडे होती, जी थंडीभर कुणीच बघितली नव्हती.

आम्ही दोघी चालत गेलो. सिस्टर पत्र्यावरून तळवा फिरवत पुढं, मी मागं. आणि त्या थांबल्या.

तिथं हीटरचं नाक होतं. म्हणजे बाहेरची हवा आत घ्यायची आणि जळलेली बाहेर सोडायची गोल जाळी. आणि त्या जाळीवर पांढऱ्या रेक्झिनचं गोल कव्हर. कडेला इलास्टिक, वर निळं पायपिंग, काय सुंदर बसलं होतं! पांढऱ्या गाडीवर पांढरं, लांबून दिसणारही नाही. पेशंटच्या नाकातोंडावर उशी. श्वासच मिळत नव्हता, पेटणार कुठून?

सिस्टरनी इलास्टिकवरून बोट फिरवलं. "मीच," म्हणाल्या. "थंडीच्या सुरुवातीला. कोळी आत जाऊन जाळं करतात, असं वाचलं होतं म्हणून."

त्यांनी कव्हर काढलं, जाळी फुंकून बघितली. आत जाऊन बटण दाबलं. घुर्र, टिक टिक टिक, पुप्प. आणि मग एक लांब, सलग हूंऽऽऽ असा आवाज. थांबेचना. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि इतक्या हसलो की मला गाडीचा दरवाजा धरावा लागला.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "ताई, ते कव्हर माझ्याकडे द्या. मी कचऱ्यात टाकते. हीटर चालू झाला, बस्. कसा झाला, ते कुणाला कळायचं कारण नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा ट्रॉलीवालीच झाले. "चूक लपवणारी नर्स मी वॉर्डात ठेवली नाही कधी. लपवली की तीच चूक दुसरीच्या हातून होते. अन् ही साधी चूक नाही. हीटर स्वतःहून बंद पडला नसता तर जळकी हवा आत आली असती. जळक्या हवेचा अलार्म लावला आहे मी, तरी. सांगावं लागते."

"अहो, पण ते काय म्हणतील?"

"म्हणू दे."

आणि त्यांनी ग्रुपवर टाकलं. मराठीत, ठळक. "हीटर सुरू झाला. बोर्ड ठीक आहे. बाहेरच्या जाळीवर मी कव्हर घातले होते, ते काढायचे विसरले. चूक माझी. ज्यांच्याकडे असा हीटर आहे त्यांनी पेटवण्याआधी बाहेरची जाळी पाहावी."

मग सुरू झाली गंमत. रडेपर्यंत हसणारे चेहरे, ओळीच्या ओळी. "सिस्टर रॉक्स." "आमच्या डोक्यालाही एक कव्हर शिवा." ज्यांनी आदल्या दिवशी चुकीचा गॅस म्हटलं, सिलिंडर संपला म्हटलं, त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की आम्हीही बघितलं नव्हतं. गॅसवाल्यानं बोर्ड गेला म्हटलं होतं, त्याच्यावर कुणी हसलं नाही. तीन माणसं चुकली, एक लायसन्सवाला चुकला, आणि किस्सा झाला फक्त तिचा, कारण तिनं तो स्वतःच्या तोंडानं सांगितला. मला याचा राग येतो. आजही येतो. शोकसभेत तो मेसेज कुणी वाचून दाखवला असता तर आज मी गप्प बसले असते.

शनिवारी मुलगा आला. इल्फर्डचा मित्र बरोबर, हातमोजे चोळत. मुलानं गाडीत शिरून हीटर लावून बघितला, चालला. नळ बघितला, दिवे बघितले, शेगडी बघितली. सगळं चालू. मला वाटलं संपलं. पण घरात आल्यावर त्यानं दाराजवळच्या हुकावरची गाडीची चावी उचलली आणि मुठीत धरली.

"आई, पॉइंट हीटरचा नाहीच. पॉइंट हा आहे की तू विसरलीस. उद्या गॅस बंद करायला विसरशील. मी डॉक्टरशी बोलतो, एक मेमरी टेस्ट करून घेऊ. नंतर बघू गाडीचं."

मित्र बिचारा बुटांकडे बघायला लागला. माझ्या मात्र तोंडाचा ताबा सुटला. "मेमरी टेस्ट? गेल्या वर्षी डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलंस ना तू, मोटरवेवर बंद पडलास, पोरांना टो-ट्रकमध्ये बसवून आणलंस. तेव्हा कुणी तुझा मेंदू तपासला?"

"मावशी, ते वेगळं होतं. मी घाईत होतो."

"काय वेगळं होतं? सांग ना!"

सिस्टरचा तळवा वर झाला. माझ्यापुढे. मग तोच तळवा मुलाकडे वळला.

"तू सकाळपासून काय काय पाहिलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा.

"म्हणजे?"

"हीटर पाहिला. नळ पाहिला. दिवे पाहिले. फोन तर पाहूनच राहिला. मला पाहिलं?"

"आई, प्लीज."

"नाही रे बापा, भांडून नाही राहिली मी. ज्या पेशंटबद्दल बोलून राहिला, तो इथं उभा आहे. पाह्य."

आणि त्या उभ्या राहिल्या, हात खाली सोडून, पोरं डॉक्टरपुढे उभी राहतात तशा. तो आधी चिडक्या चेहऱ्यानं बघायला लागला. मग नुसताच बघायला लागला. त्याला काय दिसलं, मला माहीत नाही. मला दिसत होतं ते सांगते. पाठ ताठ असलेली एक बाई. तिला स्वतःची चूक बरोबर आठवत होती, कधी केली, का केली, कुठल्या कापडानं केली, आणि ती तिनं चारचौघांत सांगितली होती. हिची कसली मेमरी तपासताय?

तो म्हणाला, "रोज फोन करशील?"

"रेंज असली तर."

"आणि लावण्याआधी जाळी बघशील?"

"मी तर आता पूर्ण राउंड घेईन, मंगच बटण."

त्यानं चावी दिली नाही. जवळच्या टेबलावर ठेवली. हातात दिली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही, टेबलावर ठेवली आणि "चहा मिळेल का?" म्हणाला. सिस्टरनी आधी चावी उचलली, मग चहा टाकला. त्यानंतरही महिनाभर त्या बापड्यानं डॉक्टरांच्या लिंका पाठवल्याच. सिस्टर त्या उघडत नव्हत्या. "चाचणी त्याचीच होऊन राहिली, मी कायले भरू पेपर," म्हणायच्या.

त्या ईस्टरला सिस्टर स्कॉटलंडला गेल्या. एकट्या, जिथं रस्ता संपतो तिथपर्यंत, आणि धडधाकट परत आल्या. पुढच्या वर्षी मला घेऊन गेल्या. त्यानंतर आजार आला आणि फिरणं राहिलं. आता गाडी मुलानं मँचेस्टरला नेली आहे. वापरतो की नाही, विचारलं नाही मी.

आमच्या दोघींच्या त्या फेरीतली एक सकाळ सांगते आणि थांबते. आम्ही एका खाडीच्या काठाला गाडी लावली होती. बाहेर बर्फमिश्रित पाऊस, पाण्यावर करडा उजेड. सिस्टर रेनकोट घालून खाली उतरल्या, गाडीला हात लावत पूर्ण चक्कर मारली. मी खिडकीतून ओरडले, "प्रदक्षिणा घालताय का?" तर बाहेरूनच, "राउंड घेऊन राहिली!" आत आल्या, बटण दाबलं. जमिनीलगतच्या जाळीतून गरम हवा यायला लागली. मी चहाचं आधण ठेवायला उठले तर म्हणाल्या, "बस गं थोडी."

त्यांनी मोजे काढले. इतक्या वर्षांच्या वॉर्डातल्या फेऱ्यांनी बोटं वाकडी झालेली, टाचांना भेगा. ते दोन्ही पाय त्यांनी त्या जाळीपुढं ठेवले, बोटं पसरली, आणि मागं टेकून समुद्राकडे बघत बसल्या. हातात काम नाही, मांडीवर शिवण नाही, कुणाला काही सांगायचं नाही. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं नुसतं बसलेलं बघत होते. काचेवर वाफ धरत गेली आणि समुद्र दिसेनासा झाला, तरी त्या तिकडेच बघत होत्या. काच पुसावी असं मला वाटलं, पण मी हलले नाही.